जज निष्पक्ष आहे का, हा प्रश्न फक्त काहींनाच का विचारतात? कॉन्स्टन्स बेकर मॉटली यांची कारकीर्द, सोप्या भाषेत

१९७५ साली न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टात एक अर्ज आला. सलिव्हन अँड क्रॉमवेल ही वॉल स्ट्रीटवरची फार मोठी आणि जुनी लॉ फर्म, तिच्यावर केस लागलेली की ही फर्म महिला वकिलांना डावलते. केस ज्यांच्यासमोर होती त्या जज म्हणजे कॉन्स्टन्स बेकर मॉटली. आणि फर्मचं म्हणणं असं की या जजनी ही केस सोडावी, दुसऱ्या कुणाकडे द्यावी, कारण त्या स्वतः बाई आहेत, कृष्णवर्णीय आहेत, आणि आधी वकिली करताना भेदभावाविरुद्धच्याच केसेस लढायच्या, म्हणजे त्यांनी भेदभाव स्वतः सोसलेला असणार, मग त्यांचा कल आधीच ठरलेला.

मॉटली बाईंनी अर्ज फेटाळला. त्यांचं उत्तर साधारण असं होतं: जजची पार्श्वभूमी, लिंग किंवा वंश एवढ्याच कारणानं त्याला बाजूला करायचं ठरवलं तर या कोर्टातला एकही जज ही केस ऐकू शकणार नाही, कारण इथे बसलेला प्रत्येक जण आधी वकील होता आणि प्रत्येक जण एकतर बाई आहे किंवा पुरुष आहे.

नीट बघा यात काय केलंय ते. फर्मच्या अर्जात एक गोष्ट न बोलता गृहीत धरलेली होती, की बाई जज असेल तर ती बाईच्या नजरेतून बघते आणि पुरुष जज असेल तर तो कुठल्याच नजरेतून बघत नाही, तो आपोआप निष्पक्ष. म्हणजे बायकांच्या केसमध्ये बाई जज नको, पण पुरुषांनी चालवलेल्या फर्मच्या केसमध्ये पुरुष जज चालतो, आणि कृष्णवर्णीय माणसाच्या केसमध्ये गोरा जज तर चालतोच चालतो, कुणी विचारतही नाही. मॉटलींनी हे गृहीतकच उचलून टेबलावर ठेवलं. वरच्या कोर्टानंही त्यांना हटवलं नाही, आणि १९७७ मध्ये फर्मनं तडजोड करून केस मिटवली. मॉटलींसमोर हा अर्ज आला त्याच्या एकच वर्ष आधी, १९७४ मध्ये, फिलाडेल्फियात लिऑन हिगिनबॉटम या कृष्णवर्णीय जजसमोरही अशीच मागणी आली होती, तीही त्यांनी फेटाळली. जज निष्पक्ष आहे का असं कुठे कुणी विचारलं की वकील आजही या दोन निकालांचा दाखला देतात.

आता या बाई त्या खुर्चीपर्यंत आल्या कशा, ते बघू. आणि ते कळायला अमेरिकेतली कोर्टं थोडी समजून घ्यावी लागतात.

आपल्याकडे एकच साखळी आहे, तालुका कोर्ट, जिल्हा कोर्ट, हायकोर्ट, सुप्रीम कोर्ट. अमेरिकेत दोन साखळ्या शेजारी शेजारी चालतात, एक राज्याची कोर्टं आणि दुसरी केंद्राची, म्हणजे फेडरल कोर्टं. राज्यातले बरेच जज तिथे निवडणुकीत निवडून येतात. मग विचार करा, १९५० च्या काळात मिसिसिपी किंवा अलाबामात जिथे कृष्णवर्णीयांना मतदानच करू देत नव्हते, तिथला निवडून आलेला जज कुणाचं ऐकणार? फेडरल जजचं वेगळं आहे. त्याला राष्ट्राध्यक्ष नेमतो, सिनेट मंजुरी देते, आणि एकदा बसला की तहहयात. आपल्याकडे हायकोर्टाचा जज ६२ ला निवृत्त होतो, तिथे फेडरल जजला वयाची अटच नाही, महाभियोग चालवल्याशिवाय हलवता येत नाही. म्हणून नागरी हक्कांच्या बहुतेक मोठ्या लढाया फेडरल कोर्टात लढल्या गेल्या. तिथेही खालच्या पायरीवर स्थानिक गोरे जजच बसलेले असायचे, पण वर अपील करायला जागा होती.

कॉन्स्टन्स बेकर यांचा जन्म १४ सप्टेंबर १९२१ चा, कनेटिकट राज्यातल्या न्यू हेवन गावचा. आईवडील कॅरिबियनमधल्या नेव्हिस बेटावरून आलेले, बारा भावंडांत यांचा नंबर नववा. वडील येल विद्यापीठातल्या श्रीमंत पोरांच्या क्लबांमध्ये स्वयंपाकी होते. म्हणजे येल घरापासून हाकेच्या अंतरावर आणि तरी या घरातल्या मुलांसाठी दुसऱ्या ग्रहावर. शाळेत असताना एकदा समुद्रकिनाऱ्यावर त्यांना आत सोडलं नाही, कारण रंग. उत्तरेकडची राज्यं तशी पुढारलेली मानली जातात, पण ही गोष्ट उत्तरेतलीच आहे.

१९३९ ला शाळा संपली. कॉलेजला पैसे नाहीत. काही दिवस घरकाम केलं, मग सरकारी योजनेतलं काम. गावात कृष्णवर्णीय वस्तीसाठी बांधलेलं एक समाजकेंद्र होतं, तिथे लोक फारसे येत नाहीत, असं का, यावर एक बैठक झाली. या मुलीनं उभं राहून सांगितलं की केंद्र आमच्यासाठी आहे म्हणता पण कारभार बघणाऱ्या मंडळावर आमचं कुणी नाही, सगळं दुसरेच ठरवतात, मग लोकांना ते आपलं कसं वाटेल. समोर क्लॅरेन्स ब्लेकस्ली नावाचे गोरे उद्योजक बसले होते, केंद्राला पैसा देणाऱ्यांपैकीच. इतर कुणी देणगीदार असता तर नाराज झाला असता. यांनी तिची माहिती काढली, बोलावून घेतलं, कॉलेजात का नाहीस विचारलं, पैसे नाहीत म्हणाली, काय व्हायचंय म्हटल्यावर वकील म्हणाली. बायकांच्या वकिलीबद्दल मला काही कळत नाही, पण तुला शिकायचंय तेवढं शीक, खर्च मी करतो, असं म्हणाले आणि शेवटपर्यंत शब्द पाळला. मला हा प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो, कारण पुढे आयुष्यभर त्यांनी कोर्टात हेच केलं, निर्णय घेणाऱ्यांच्या तोंडावर, आवाज न चढवता, नेमकी गोष्ट सांगितली.

आधी त्या दक्षिणेत नॅशव्हिलच्या फिस्क विद्यापीठात गेल्या. जाताना वाटेत सिनसिनाटीला त्यांना ट्रेनचा चांगला डबा सोडून कृष्णवर्णीयांसाठीच्या जुन्या गंजक्या डब्यात बसावं लागलं. मग न्यूयॉर्कला, १९४३ ला पदवी, आणि १९४६ ला कोलंबिया लॉ स्कूलमधून कायद्याची पदवी. हो, तेच कोलंबिया विद्यापीठ जिथे १९१३ ते १९१६ बाबासाहेब शिकले.

कोलंबियात असतानाच, १९४५ मध्ये थर्गुड मार्शल यांनी त्यांना आपल्या ऑफिसात घेतलं. मार्शल म्हणजे नागरी हक्कांच्या केसेस लढणाऱ्या एनएएसीपी लीगल डिफेन्स फंडचे प्रमुख, पुढे १९६७ मध्ये सुप्रीम कोर्टाचे पहिले कृष्णवर्णीय जज. त्या काळी मोठ्या फर्म्स कृष्णवर्णीय बाईला दारात उभं करत नव्हत्या. इथे पगार जेमतेम, पण काम असं की त्याला तोड नाही. ब्राऊन विरुद्ध बोर्ड ऑफ एज्युकेशन ही केस बहुतेकांनी ऐकलेली असते, त्यातला मूळ दावा मॉटलींनी लिहिलाय.

ब्राऊनचा निकाल १७ मे १९५४ चा. शाळांमध्ये गोरे-काळे वेगळे ठेवणं घटनाबाह्य. १८९६ पासून कोर्टानंच मान्य केलेलं होतं की वेगळं ठेवा पण समान सोयी द्या, ते आता मोडीत निघालं. झालं, जिंकले, असं आपल्याला वाटतं. पण निकाल कागदावर असतो आणि तो आपोआप अमलात येत नाही. दक्षिणेतल्या राज्यांनी सरळ नकार दिला, काहींनी टाळाटाळ केली, काहींनी नवीन नवीन नियम काढले. आणि सुप्रीम कोर्टानं पुढच्या वर्षी अंमलबजावणीबद्दल जो आदेश दिला त्यात तारीखच नव्हती, योग्य त्या वेगानं करा असं काहीतरी मोघम होतं. मग व्हायचं काय, प्रत्येक शाळा, प्रत्येक विद्यापीठ, प्रत्येक गाव, तिथे जाऊन वेगळी केस टाकायची. हे काम ज्यांनी केलं त्यात मॉटली सगळ्यात पुढे होत्या. जॉर्जिया, फ्लोरिडा, अलाबामा, साउथ कॅरोलायना, जागा बदलायची पण काम तेच.

याचं एकच उदाहरण जरा सविस्तर सांगतो, मिसिसिपी विद्यापीठाचं, म्हणजे कोर्टातली लढाई प्रत्यक्षात कशी असते ते दिसेल.

जेम्स मेरेडिथ, हवाई दलात नऊ वर्षं काढलेला माणूस, जानेवारी १९६१ मध्ये अर्ज करतो. विद्यापीठ नाही म्हणतं. रंगाचं नाव कुणीच घेत नाही, तसं लेखी द्यायला ते काही खुळे नव्हते. नियम असा होता की अर्जासोबत विद्यापीठाच्या माजी विद्यार्थ्यांची शिफारसपत्रं हवीत. आता सगळे माजी विद्यार्थी गोरे, मिसिसिपीत कोण गोरा माणूस सही करणार? नियम दिसायला सगळ्यांना सारखा आणि परिणाम मात्र एकाच समाजावर. मॉटलींना कोर्टात हेच सिद्ध करायचं होतं. खालचे जज सिडनी माइझ यांनी निकाल दिला की रंगामुळे प्रवेश नाकारला असं दिसत नाही. अपील. जून १९६२ मध्ये फिफ्थ सर्किटच्या, म्हणजे दक्षिणेतल्या राज्यांवरच्या फेडरल अपील कोर्टानं निकाल फिरवला, मेरेडिथला घ्या म्हणाले. तर त्याच अपील कोर्टातले एक जज बेन कॅमेरॉन, जे त्या खंडपीठावर नव्हतेच, त्यांनी स्टे दिला. खंडपीठानं स्टे उठवला. त्यांनी परत दिला. असं चार वेळा झालं, शेवटी सुप्रीम कोर्टाचे ह्यूगो ब्लॅक यांनी १० सप्टेंबरला सगळे स्टे बाजूला केले. मग राज्यपाल रॉस बार्नेट स्वतः आडवे आले. ३० सप्टेंबरच्या रात्री कॅम्पसवर दंगल, दोन माणसं मेली, राष्ट्राध्यक्ष केनेडींना लष्कर पाठवावं लागलं, आणि १ ऑक्टोबर १९६२ ला मेरेडिथचं नाव नोंदलं गेलं. ऑगस्ट १९६३ ला तो पदवी घेऊन बाहेर पडला.

एका माणसाच्या एका कॉलेज ॲडमिशनसाठी एवढं सगळं. आणि या सगळ्या काळात मॉटली न्यूयॉर्कहून मिसिसिपीला खेपा घालत होत्या, घरी लहान मुलगा. तिकडे हॉटेलात कृष्णवर्णीयांना खोली मिळायची नाही, म्हणून लोकांच्या घरी राहायचं. जॅक्सनमध्ये मेडगर एव्हर्स हे तिथले नेते त्यांना गाडीतून ने-आण करायचे, जून १९६३ मध्ये त्यांना त्यांच्याच घराच्या दारात गोळी घातली. बर्मिंगहॅमला आर्थर शोर्स या वकिलांकडे त्या उतरायच्या, त्या घरावर १९६३ मध्ये दोनदा बॉम्ब टाकले. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र कोर्टात नीटनेटकं उभं राहून साक्षीदाराची उलटतपासणी घ्यायची, आणि समोरचा सरकारी वकील तुम्हाला साधं मान देऊन बोलवायलाही तयार नाही. मी त्यांच्याबद्दल जेवढं वाचत गेलो तेवढं मला त्यांच्या संयमापुढे हात जोडावेसे वाटले.

बर्मिंगहॅममध्येच मे १९६३ ला शाळकरी पोरं मोर्चात उतरली, त्यांच्यावर कुत्री सोडली, पाण्याचे फवारे मारले, ते फोटो जगभर गेले. त्यानंतर शाळा मंडळानं हजाराहून जास्त मुलांना शाळेतून काढून टाकलं, ते मात्र फार जणांना माहीत नसतं. स्थानिक फेडरल जजनं दाद दिली नाही. मॉटली त्याच दिवशी अटलांटाला गेल्या, अपील कोर्टाचे मुख्य जज एल्बर्ट टटल यांच्यासमोर उभ्या राहिल्या, आणि संध्याकाळपर्यंत आदेश हातात होता की मुलांना परत घ्या. सकाळी एका कोर्टात हरायचं आणि संध्याकाळी दुसऱ्या कोर्टात जिंकायचं, यासाठी कागद आधीच तयार ठेवावे लागतात. खालचा जज नाहीच म्हणणार हे धरूनच त्या चालायच्या.

सुप्रीम कोर्टात त्यांनी दहा केसेस मांडल्या आणि नऊ जिंकल्या. तिथे उभी राहून युक्तिवाद करणारी पहिली कृष्णवर्णीय महिला त्याच, १९६१ मध्ये, हॅमिल्टन विरुद्ध अलाबामा या केसमध्ये. मुद्दा असा होता की फाशी होऊ शकेल अशा गुन्ह्यात आरोपीवर पहिल्यांदा आरोप वाचले जातात त्या वेळी त्याला वकील नव्हता. अलाबामा म्हणे, त्यात काय, खटल्याच्या वेळी तर वकील दिला ना. पण तिथल्या नियमाप्रमाणे आरोपीचे काही बचाव त्याच पहिल्या टप्प्यावर मांडावे लागायचे, तेव्हा राहिले की पुढे जवळजवळ गेलेच. कोर्टानं एकमतानं मॉटलींचं ऐकलं.

१९६४ मध्ये त्या न्यूयॉर्क राज्याच्या सिनेटवर निवडून गेल्या, तिथली पहिली कृष्णवर्णीय महिला, १९६५ ला मॅनहॅटनच्या बरो प्रेसिडेंट, म्हणजे न्यूयॉर्क शहराच्या त्या भागाच्या प्रमुख, तीही पहिली महिला. राजकारणात त्या फार रमल्या नाहीत, म्हणून पुढे जाऊ.

जानेवारी १९६६ मध्ये राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी त्यांचं नाव न्यूयॉर्कच्या सदर्न डिस्ट्रिक्टच्या फेडरल कोर्टासाठी पाठवलं. सिनेटची जी समिती जजची नावं तपासते तिचे अध्यक्ष होते जेम्स ईस्टलंड, वर्णभेदाचे कट्टर समर्थक, आणि कुठल्या राज्याचे? मिसिसिपीचे. ज्या राज्याच्या विद्यापीठाचं दार मॉटलींनी चारच वर्षांपूर्वी कोर्टाच्या आदेशानं उघडलं होतं. त्यांनी नाव सात महिने अडकवून ठेवलं, कम्युनिस्ट असल्याचे आरोप केले. शेवटी ३० ऑगस्ट १९६६ ला सिनेटनं मंजुरी दिली. अमेरिकेच्या इतिहासात फेडरल जज झालेली पहिली कृष्णवर्णीय महिला. त्यांच्या आधी जेन बोलिन १९३९ पासून न्यूयॉर्कच्या कौटुंबिक कोर्टात जज होत्या, पण ते शहराचं कोर्ट. तहहयात फेडरल खुर्ची पहिल्यांदा मॉटलींना मिळाली, आणि सदर्न डिस्ट्रिक्टमध्ये तर त्याआधी कुठल्याच रंगाची बाई जज नव्हती.

आता जज म्हणून त्यांनी काय केलं. दोन निकाल सांगतो.

पहिला मार्टिन सोस्ट्रे यांचा, हा कैदी तुरुंगात कायद्याचा अभ्यास करून स्वतःच्या आणि इतरांच्या हक्कांसाठी भांडायचा. त्याला वर्षभराहून जास्त एकांतकोठडीत ठेवलं, ३७२ दिवस. १९७० मध्ये मॉटलींनी निकाल दिला की ही क्रूर शिक्षा आहे, कैद्याला अशी शिक्षा द्यायच्या आधी त्याला नोटीस द्या, त्याचं म्हणणं ऐका. नुकसानभरपाई कशी काढली बघा, दिवसाला २५ डॉलर भरपाई आणि १० डॉलर दंड, गुणिले ३७२, म्हणजे १३,०२० डॉलर. एकांतातल्या प्रत्येक दिवसाचा हिशोब. वरच्या कोर्टानं १९७१ मध्ये हा निकाल बराचसा कापला, एकांतकोठडी तेवढ्यानं घटनाबाह्य ठरत नाही म्हणाले, दंडाची रक्कम काढली, पण भरपाई ठेवली. माझ्या मते मॉटलींचंच बरोबर होतं, आणि एकांतकोठडीवर आज जी टीका होते त्यातले बरेच मुद्दे त्यांच्या निकालात आहेत.

दुसरा १९७८ चा, बेसबॉलचा. मेलिसा लुडके ही स्पोर्ट्स इलस्ट्रेटेडची पत्रकार, तिला १९७७ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे बेसबॉलच्या अंतिम मालिकेत, यांकी स्टेडियमच्या लॉकर रूममध्ये, खेळाडूंच्या कपडे बदलायच्या खोलीत, जाऊ दिलं नाही. मॅच संपली की सगळे पुरुष पत्रकार आत जाऊन खेळाडूंशी बोलणार आणि ही बाहेर कॉरिडॉरमध्ये उभी, मग बातमी कसली लिहिणार? बेसबॉलवाले म्हणाले खेळाडूंची प्रायव्हसी आहे. ऐकायला पटतं. पण कायद्याचा खरा पेच वेगळाच होता. अमेरिकेच्या घटनेतली चौदावी दुरुस्ती, जी समान संरक्षण देते, ती सरकारला लागू होते, खासगी कंपनीला थेट नाही. मग बेसबॉल क्लबला ती कशी लावायची? मॉटलींनी धागा पकडला तो मालकीचा. स्टेडियम न्यूयॉर्क शहराच्या मालकीचं, क्लबनं भाड्यानं घेतलेलं, भाडं प्रेक्षकांच्या संख्येशी बांधलेलं. म्हणजे शहर सरकार यात भागीदार आहे, म्हणजे घटना लागू. आणि प्रायव्हसीचं म्हणाल तर आत टीव्हीचे कॅमेरे चालतात, खेळाडू पडदा लावू शकतात, टॉवेल गुंडाळू शकतात, त्यासाठी एका पत्रकाराचं करिअर अडवायची काय गरज. आज बाई स्पोर्ट्स रिपोर्टर टीव्हीवर दिसते तेव्हा हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

१९८२ मध्ये मॉटली त्याच कोर्टाच्या मुख्य जज झाल्या, १९८६ ला सीनियर जज, म्हणजे कामाचा भार कमी पण खुर्ची कायम, आणि २८ सप्टेंबर २००५ ला, ८४ व्या वर्षी गेल्या. २०२२ मध्ये केतांजी ब्राऊन जॅक्सन यांचं नाव सुप्रीम कोर्टासाठी जाहीर झालं तेव्हा त्यांनी भाषणात आवर्जून सांगितलं की माझा आणि मॉटलींचा वाढदिवस एकच, मध्ये बरोबर ४९ वर्षं.

दहापैकी हरलेली ती एक केस राहिली. स्वेन विरुद्ध अलाबामा, १९६५. अमेरिकेत ज्युरी, म्हणजे आरोपी दोषी की निर्दोष ते ठरवणारे सामान्य नागरिक, निवडताना दोन्ही बाजूंच्या वकिलांना काही लोक कारण न देता वगळता येतात. सरकारी वकील या सोयीचा वापर करून कृष्णवर्णीय माणसं एकेक करून काढून टाकायचे, की आरोपी काळा आणि ज्युरी पूर्ण गोरी. मॉटली म्हणाल्या हा भेदभाव आहे. कोर्ट म्हणालं एका खटल्यावरून तसं म्हणता येणार नाही, वर्षानुवर्षं असंच होतंय हे सिद्ध करा. ते सिद्ध करणं जवळजवळ अशक्य होतं. एकवीस वर्षांनी, १९८६ मध्ये, बॅटसन विरुद्ध केंटकीमध्ये कोर्टानं स्वेन निकालाचा तो भाग रद्द केला आणि मॉटलींचं म्हणणं कायदा झालं: संशय यावा असं चित्र त्या एका खटल्यात दिसलं तरी सरकारी वकिलानं रंगाशी संबंध नसलेलं कारण द्यायला पाहिजे. पळवाट अर्थात राहिलीच, वकील काहीतरी कारण पुढे करतात. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टासमोर कर्टिस फ्लॉवर्स यांची केस आली, एकाच गुन्ह्यासाठी सहा वेळा खटला चाललेला, आणि त्या सहा खटल्यांत मिळून सरकारी बाजूनं ४२ पैकी ४१ कृष्णवर्णीय ज्युरर वगळलेले. कोर्टानं सात विरुद्ध दोन मतांनी बॅटसनच्याच आधारावर शिक्षा रद्द केली. ही केसही मिसिसिपीचीच होती.